टायरखालचं लिंबू

निखाडे जमादारांनी चंदाबाईच्या हातात लिंबू ठेवलं. डाव्या हातात, कारण उजवा कोपरापर्यंत पट्टीत होता आणि पट्टीच्या बाहेर आलेली बोटं दोनच होती.

"बस खाली," जमादार म्हणाले. "त्या दिवशी बसली होती तशी. टायरपाशी."

पोलीस ठाण्याच्या आवारात पांढरीशुभ्र इलेक्ट्रिक गाडी उभी होती आणि तिच्याभोवती माणसं जमली होती. दोन शिपाई, समोरच्या टपरीवरचा चहावाला धावजी आणि आपापली कामं घेऊन सकाळपासून ताटकळलेले चारपाच जण. चंदाबाईचा नवरा रामधन कडुनिंबाला टेकून उभा होता. मोठे साहेब बंदोबस्ताला गेले होते, त्यामुळे आज इथं जमादारांचं राज्य होतं. त्यांचा लाडका कुत्रा भुऱ्या नेहमीप्रमाणे फाटकाच्या वाटेत, गाड्यांच्या चाकोरीतच, पाय ताणून झोपला होता. कुठल्याही गाडीचं इंजिन घुरघुरलं की तो नाराजीनं उठायचा, बाजूला व्हायचा आणि गाडी गेली की परत तिथंच येऊन पडायचा.

चंदाबाईकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे गाडीवर होते.

"हिले तं तोंडच नाई बावा," धावजी गाडीच्या पुढच्या बाजूवरून हात फिरवत म्हणाला. "जाळी कुठी हाय? श्वास कुठून घेते हे?"

"बॅटरीवर चालते. तिले कायले पाह्यजे श्वास?" एक शिपाई म्हणाला.

"अन् दाराची मूठ? तेबी चोरानं नेली काय?"

गाडीचा मालक कपिल, त्यानं खिशातल्या खिशात काहीतरी दाबलं. दाराच्या सपाट पत्र्यातून मूठ आपोआप बाहेर आली. धावजी दचकून मागे सरला आणि सगळे हसले. जमादारही हसले. सकाळी गाडी फाटकातून आली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं, ही खेळण्यातली गाडी चिखलात बसली तर बैल जुंपावे लागतील असं म्हणाले होते. मग कपिलनं त्यांना आत बसवलं. टीव्हीएवढा पडदा, लोण्याच्या रंगाच्या सीटा, गार हवा. बाहेर आले ते मत बदलूनच.

"सरकारनं आमाले असी गाडी देली असती," ते म्हणाले, "तं चोर सोताहून येऊन बसले असते."

कपिल म्हणजे पुंडलिकरावांचा मुलगा, पुण्याला नोकरी करणारा. पुंडलिकरावांच्या शेतात चंदाबाईची उभी हयात गेली होती. कापूस वेचायला तिच्यासारखी चपळ बाई आख्ख्या तांड्यात नव्हती. शिवाय पुंडलिकरावांकडे नवं वाहन आलं की चाकांखाली लिंबं ठेवायचं काम ठरलेलं तिचंच. ट्रॅक्टर आला तेव्हा तिनंच ठेवली, जीप आली तेव्हाही. तांड्यावरच्या बाईच्या हातचं लिंबू असलं की गाडीला दृष्ट लागत नाही, असं मालकीणबाई, म्हणजे बेबीताई, म्हणायच्या. गुडघे दुखत असताना आपल्याला वाकावं लागत नाही, हे त्या म्हणत नसत.

ते काम चंदाबाईच्या अंगवळणी पडलं होतं. उकिडवं बसायचं, लिंबू टायरला टेकवायचं, घरंगळलं तर बोटांनी परत सरकवायचं. इंजिन घुरघुरलं की हात काढून घ्यायचा आणि उठायचं. डोळे लिंबावर, कान इंजिनावर.

दसऱ्याला कपिलची गाडी आली. पुंडलिकरावांचं अंगण उताराचं. पुढच्या चाकाखालचं लिंबू घरंगळलं आणि चंदाबाईनं ते सरकवायला हात घातला. कान इंजिनावरच होता, पण इंजिन बोललंच नाही. चाक हातावर चढलं आणि अडलं. कपिलला वाटलं लिंबू जरा टणक आहे, म्हणून त्यानं आणखी थोडं दाबलं.

दवाखान्यात तिला त्या गाडीतून नेलं नाही. रक्त फार होतं आणि सीटा लोण्याच्या रंगाच्या होत्या. शेजारच्या जीवननं तिला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं, हाताला पोतं गुंडाळून. मागून पुंडलिकराव आले आणि त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, बाईनं सणाची जरा घेतली होती, गाडी एवढी आवाज करत होती तरी हात काढला नाही.

चंदाबाईनं जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. तिचा बाप दारूपायीच गेला होता. हात गेला तो गेला, ते तिनं नशिबावर सोडलं असतं. पण ती प्यायली होती ही गोष्ट डॉक्टरांनी ऐकली, शेतातल्या बायकांनी ऐकली, आणि तांड्यावरची बाई म्हटल्यावर कोणाला त्यात खोटं काही वाटलं नाही. म्हणून पट्टी ओली असतानाच ती ठाण्यात आली होती. तिला एवढंच लिहून हवं होतं की गाडीचा आवाज नव्हता.

जमादारांना ते ऐकून मजा वाटली.

"गाडी चालू होते अन् आवाज येत नाई?" ते म्हणाले होते. "असं कधी झालं काय? घेऊन या गाडी. पाहूच."

आणि आता चंदाबाई उजव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. तिनं लिंबू पुढे केलं, पण हात टायरपासून वीतभर अलीकडेच थांबला. नवं काळं रबर, त्यातल्या खाचा. एका खाचेत कुंकू अजून होतं.

"ठेव ना," जमादारांनी काठीचं टोक तिच्या खांद्यावर टेकवलं.

"साहेब, लिंबू नुसतं ठेवून मांगं सरू का?"

"मंग कसं समजन आमाले? हात तिथंच राहू दे. आवाज आला तं काढजो, नाई आला तं नोको काढू. खरं सांगून राह्यली ना तू? मंग भेतं काहून?"

कोणीतरी हसलं. रामधन झाडापासून पुढे सरकला, तर शिपायानं हात आडवा धरला.

"काका, प्रयोग चालू हाय."

चंदाबाईनं हात टायरला लावला. मान वर करून तिनं उघड्या काचेतून आत पाहिलं. कपिल समोरच्या पडद्यावर बोट फिरवत होता. एकदा दाबलं, मग खाली सरकवून आणखी एकदा दाबलं. शेजारी त्याची बायको दिपाली बसली होती. तिची नजर त्या बोटाबरोबर पडद्यावर गेली, मग नवऱ्याच्या तोंडाकडे गेली आणि एकदम पलीकडच्या खिडकीबाहेर वळली.

गाडीतून आवाज आला. दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी बारीक, सलग घूंऽऽ अशी घरघर. चंदाबाईचा हात आपसूक छातीशी आला आणि ती मागे पडली. फाटकाच्या वाटेत भुऱ्या उठला, आळस दिला आणि बाजूला झाला. चाक पुढे आलं, लिंबू पचकन फुटलं आणि गाडी थांबली.

"पाह्य!" जमादारांनी टाळी वाजवली. "आवाजबी येते अन् हातबी निघते!"

"त्या दिवशी नव्हता साहेब," चंदाबाई मातीतून उठत म्हणाली. "देवाशप्पथ नव्हता. दादानं आतमंदी आत्ता कायतरी दाबलं. म्या पाह्यलं."

कपिल खाली उतरला. त्याचा चेहरा शांत होता, थोडा दुखावलेला.

"सर, एसी बंद केला मी. कंपनीच देते हा आवाज, लोकांच्या सेफ्टीसाठी. मावशी आमच्या घरच्याच आहेत, त्यांच्याबद्दल मला राग नाही. सणासुदीला होतं असं."

'घरच्याच' हा शब्द त्यानं इतक्या मायेनं उच्चारला की दोघातिघांनी माना डोलावल्या. चंदाबाईनं दिपालीकडे पाहिलं. दिपाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती.

"बोल आता," जमादार म्हणाले. "तुह्या कानात काय होतं त्या दिवशी? मोहाची?"

या वेळी सगळेच हसले. धावजी तर गुडघ्यावर हात मारून हसला. चंदाबाईला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. रामधन जवळ आला आणि हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला,

"खरंच तुले आयकू नाई आलतं?"

जमादारांच्या हसण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. इतका संसार करून या माणसानं हे विचारावं!

आत टेबलापाशी जमादारांनी जबाब लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. गाडीचा आवाज येत होता. लक्ष नव्हतं. चूक माझी. कोणाविरुद्ध तक्रार नाही. प्यायल्याचं त्यांनी लिहिलं नव्हतं आणि हे आपले उपकार आहेत, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

"म्या नाई देत अंगठा," चंदाबाई म्हणाली.

जमादारांना राग आला नाही. ते खुर्चीत मागे रेलले.

"नोको देऊ. मंग उद्या आमी तांड्यावर येतो. तुह्या घरामांगं मोहाच्या दारूचा सडवा सापडन."

"आमच्या घरी दारू नाई साहेब."

"मी कुठं म्हनलं हाय म्हनून? सापडन म्हनलं."

रामधननं बायकोचा डावा हात धरला आणि शाईच्या पॅडवर नेला. चंदाबाईनं तो ओढून घेतला नाही. बचतगटात ती सही करायला शिकली होती, चंदाबाई रामधन राठोड, पूर्ण नाव, डोक्यावर सरळ रेघ मारून. ती सही उजव्या हाताची होती. आता पुन्हा अंगठा.

बाहेर कपिल गाडीला टेकून चहा पीत होता. जमादार पायऱ्यांवर येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याला प्रेमानं निरोप दिला. एका चार्जिंगमध्ये यवतमाळला किती चकरा होतात, पावसात शॉक तर लागत नाही ना, हेही विचारून घेतलं. कपिल आत बसला. त्यानं पडद्यावर बोट फिरवलं, खाली सरकवलं आणि मघासारखंच एकदा दाबलं. भुऱ्या फाटकाच्या वाटेत झोपला होता. पांढरी गाडी वळली आणि कापसाच्या गाठोड्यासारखी मुकाट फाटकाकडे निघाली.

भुऱ्या उठला नाही. त्याचं किंचाळणं ऐकू आलं तेव्हाच सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

जमादार धावले. एवढ्या अवजड देहाचे जमादार इतके धावू शकतात हे शिपायांनाही ठाऊक नसावं. ते मातीत बसले, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा मागचा पाय भलत्याच दिशेला वळला होता.

"आंधळा हायेस का बे?" ते ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "झोपलेलं जनावर दिसत नाई तुले?"

"सर, वाटेतच होता तो," कपिल काचेतून म्हणाला. "त्यानं उठायला हवं होतं ना."

"कसा उठन तो? कसा उठन? आवाज कुठी हाय तुह्या गाडीले?"

धावजीनं हातातला ग्लास हळूच पायरीवर ठेवला. शिपाई जमिनीकडे बघू लागले. जमादारांचं तोंड उघडंच राहिलं होतं, मग ते मिटलं.

चंदाबाई पायऱ्या उतरून आली. अंगठ्याची शाई वाळली नव्हती, म्हणून हात अंगापासून दूर धरला होता. कुत्र्यापाशी येऊन ती थांबली.

"यानंबी पेली असन साहेब," ती म्हणाली.

जमादारांनी मान वर केली नाही. कुत्र्याला दोन्ही हातांवर उचलून ते गाडीच्या मागच्या दारापाशी गेले.

"दार उघड."

"सर, सीटा जरा..."

"उघड म्हनतो ना!"

पत्र्यातून मूठ बाहेर आली. जमादारांनी भुऱ्याला लोण्याच्या रंगाच्या सीटवर अलगद निजवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. गुरांचा दवाखाना बाजाराच्या पलीकडे होता. आत, टेबलावर, जबाबाचा कागद उडू नये म्हणून एका शिपायानं त्यावर पेपरवेट ठेवला.

दिपालीनं हात लांब करून पडद्याला बोट लावलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, पण तिनं बोट काढलं नाही. घूंऽऽ अशी घरघर सुरू झाली आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या वळणापर्यंत येत राहिली. सगळ्यांना ती ऐकू आली. चंदाबाईलाही आली.