भावजींची झिप

माझे थोरले भावजी इंग्रजी शब्दकोशाच्या ऑफिसात होते. अक्कल पावशेर, ऐट मणभर. मुख्य संपादकाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा तिथल्या तीन म्हाताऱ्या पंचांनी सांगितलं, ‘झिप’ हा शब्द कुठून आला ते पटवा आणि खुर्चीत बसा. तिघांचे मिळून दात अकरा, पण हट्ट बत्तीस.

भावजींनी दोन वर्षं कागद काळे केले. एवढ्याशा शब्दाला चारशे पानं! म्हणे, चांगल्या शब्दाला चांगलं घराणं असतंच. त्याचा पणजोबा कुठल्याशा बुडालेल्या राज्याचा सेनापती काढला.

जाऊबाई कोट शिवायच्या. त्या म्हणाल्या, “अहो, कसलं घराणं? कानाजवळून गोळी गेली, झिप. कापड फाटलं, झिप. मग तसं सुसाट जाण्यालाच झिप म्हणायला लागले, अंगातल्या चपळाईलाही, आणि शेवटी ही चेन आली. आवाज आधी, बाकी सगळं मागून.”

“तू काजं कर,” भावजी म्हणाले. “शब्द आवाजातून येतात म्हणे! मग शिंकेचं व्याकरण लिहू का?”

त्या ऑफिसात एक रीत होती. शब्दावर आवाजाचा संशय असला की तो आवाज पंचांसमोर काढून दाखवायचा. भावजी चेनचा नवा कोट घालून उभे राहिले.

“चेन ओढा,” मधला पंच म्हणाला.

“कशाला? ह्यात आवाजबिवाज काही नाही!” म्हणत भावजींनी ती हिसक्यानं थेट गळ्यापर्यंत नेली.

झिप! अर्धी दाढी आत. त्यांनी अशी बोंब ठोकली की चार कपाटांतले शब्द खाली सांडले. खोटं वाटत असेल तर शिपायाला विचारा, ‘क्यू’ अजून सापडत नाहीये. त्यानंच पळत जाऊन जाऊबाईंना आणलं.

जाऊबाईंनी कात्री काढली, पण चालवली नाही.

“आधी सांगा, शब्द कशातून आला?”

“अगं, दाढी…”

“दाढीतून?”

“आवाजातून! आवाजातून आला! काप गं बाई!”

पंचांनी कार्डावर लिहिलं: आवाजातून, उमेदवाराला मान्य. खुर्ची शेजारच्या टेबलावरच्या मुखदुर्बळ कारकुनाला गेली.

आणि ती चारशे पानं? जाऊबाईंनी त्यांवर बाह्यांचे नमुने आखले. कागद तेवढा चांगला होता, त्या म्हणायच्या.