न्यायला येणारं माणूस

"अहो, हात सोडा त्यांचा! पळून जायचं वय आहे का ते?"

"वयाचं काय घेऊन बसलात, ताई? चोर तो चोर," गर्दीतून दुसरं कोणीतरी म्हणालं.

बाजारगल्लीच्या मधोमध म्हातारा फतकल मारून बसला होता. तरुण हवालदार त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवू पाहत होता. म्हाताऱ्याच्या जुनाट कोटातून माशाची लाल शेपटी बाहेर आली होती. साधासुधा मासा नव्हता तो. लग्नकार्यात ताटात मिरवतो तो 'ताई' नावाचा अख्खा मासा होता, आणि म्हाताऱ्याने तो धड लपवलाही नव्हता. तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता.

शाळेतून परतणाऱ्या मुलींनी फोन वर धरले होते. हसू आवरत नव्हतं त्यांना. हवालदाराच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या लोकांसमोर जोर केला तर म्हाताऱ्याला छळतो म्हणतील, नाही केला तर याच्याच्याने काही होत नाही म्हणतील, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

"उठा आजोबा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चौकीत बसून बोलू. इथे बरं दिसत नाही."

"येतो की. पण आधी आसाकुराला बोलवा. मला न्यायला आसाकुरा येईल."

"कोण आसाकुरा?"

"कोण म्हणजे? तुमच्याच चौकीतला. आसाकुरा तोकुजी."

गर्दीच्या कडेला काळ्या कपड्यांत, कचऱ्याच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या नात्सुएने मान वर केली.

आसाकुरा तोकुजी तिचे वडील. जूनमध्ये, पावसाळा सुरू होता होता ते गेले होते. आता हवेत गारवा आला होता आणि ती ओकायामाहून त्यांचं भाड्याचं घर रिकामं करायला आली होती. वाचनालयातून मोठ्या मुश्किलीने रजा मिळाली होती. पालिकेच्या ठरावीक पिशव्या संपल्या म्हणून ती बाजारात आली, एवढंच.

"आसाकुरा? तो मऊ हवालदार?" मासेवाली शेजारणीला म्हणाली. "सायकल ढकलत हिंडायचा तो?"

"तोच. कधी बढती मिळाली नाही बिचाऱ्याला. लोकांच्या हरवलेल्या छत्र्या शोधण्यात गेली नोकरी."

दोघी हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. नात्सुएलाही वडिलांबद्दल याहून फारसं काही सांगता आलं नसतं. रस्ता विचारणाऱ्याला रस्ता दाखवणं, दारुड्याला घरी पोचवणं, छत्र्या. चौकीतलं घरी आणायचं नाही असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. जेवताना ते हवामानाबद्दल बोलत. अंत्यविधीला आलेली माणसं एका खोलीत मावली होती. या म्हाताऱ्याला तिने तिथे पाहिलं नव्हतं.

हवालदाराने अखेर म्हाताऱ्याला उभं केलं आणि मनगट धरून चालवत नेलं. मुलींचे फोन वळत वळत त्यांच्या मागे गेले. कोणीतरी "लाज वाटली पाहिजे" म्हणालं. ते म्हाताऱ्याला उद्देशून होतं की हवालदाराला, कळलं नाही. दोघांनीही मान खाली घातली.

नात्सुए तिथेच उभी राहिली. घरी जाऊन ताटल्या कागदात गुंडाळता आल्या असत्या. म्हाताऱ्याला कोणीतरी सांगेलच, की आसाकुरा आता येणार नाही. कोणीतरी, म्हणजे चौकीतला एखादा अनोळखी माणूस, टेबलापलीकडून. तिने पिशव्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि चौकीकडे वळली.

चौकीच्या दारातच, मासा जिथून उचलला त्या दुकानाच्या होसोदाबाई तणतणत होत्या.

"मासा गेला, तो गेला. ह्यांच्या कोटातला मासा आता कोण घेणार? पण जबाबदारीचं कोणी माणूस येऊन ह्यांना घेऊन जाणार असेल तरच मी सोडून देईन. नाहीतर रीतसर तक्रार. उद्या अख्खा बाजार मासे उचलून चालू लागेल!"

"मी त्यांना न्यायला आले आहे," नात्सुए म्हणाली. "माशाचे पैसे मी देते."

होसोदाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मुलगी का तुम्ही? मग लक्ष ठेवत जा जरा," म्हणाल्या, पैसे घेतले आणि निघून गेल्या.

हवालदार लगबगीने बाहेर आला. मिझोगुची त्याचं नाव. तिने स्वतःचं नाव सांगितलं, तेव्हा त्याने टोपी काढली.

"आसाकुरासाहेबांच्या घरी फोन केला, तो बंद. म्हणून मोठ्या ठाण्यात विचारलं, तेव्हा कळलं." त्याने आत एक नजर टाकली. "आजोबांना सांगितलं नाही अजून. मी सांगणं बरं दिसलं नसतं. पण न्यायला कोणीच आलं नसतं, तर रात्री त्यांना मोठ्या ठाण्यात पाठवावं लागलं असतं. तिथे मग..." त्याने वाक्य सोडून दिलं. "तुमचं त्यांच्याशी नातं काय लिहू?"

नात्सुएला त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं.

"वडिलांकडून," ती म्हणाली.

मिझोगुचीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग मान हलवली आणि तसंच लिहिलं.

आत म्हातारा बाकावर ताठ बसला होता. त्याने हात धुतले होते, तरी माशाचा वास येत होता.

"सुगिमोरी कान्जी," त्याने आपण होऊन नाव सांगितलं. "तू त्याची मुलगी. कपाळ त्याचंच आहे. तो का नाही आला? गुडघा?"

"चला आधी," नात्सुए म्हणाली.

"म्हणजे गुडघाच. चालत जा म्हणून किती वेळा सांगितलं."

बाहेर पडताना मिझोगुची दारापर्यंत आला. "आजोबा, मनगट दुखलं का हो?"

"दुखलं तर! तुला चोर न्यायला कोणी शिकवलं नाही," सुगिमोरी म्हणाले. "आसाकुरा धरायचा नाही. त्याची सायकल आपल्या हातात द्यायचा. म्हणायचा, जरा ढकला हो, माझी कंबर धरली आहे. दोन्ही हात सायकलवर. पळणार कसा? आणि लोकांना वाटायचं, भला माणूस आहे, हवालदाराला मदत करतो आहे. मला नेताना तर मासेवालीने मला शाबासकी दिली. खिशात तिचेच सुके मासे होते माझ्या!"

मिझोगुची हसला नाही. "सायकल," तो पुटपुटला, जणू लक्षात ठेवत होता.

दोघं बाजारातून न जाता मागच्या गल्लीने निघाली. सुगिमोरी सावकाश चालत होते. त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. नात्सुए प्रत्येक वळणावर ठरवायची, आता सांगू, आणि ते पुढचं काही सुरू करायचे.

"बायको गेली, तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. दुकानात शिरायचो आणि काय घेऊन बाहेर यायचो, माझं मला कळायचं नाही. शेवटी पकडलं ते तुझ्या बापानेच. न्यायला कोणाला बोलवू म्हणाला. म्हटलं, कोणी नाही. बसून राहिलो. त्याची पाळी संपली. मागच्या खोलीत गेला, गणवेश उतरवला, मागच्या दाराने बाहेर पडला, आणि चौकीला वळसा घालून पुढच्या दाराने आत आला. बनियन आणि पांढरी चड्डी. दुसऱ्या हवालदाराला म्हणाला, मी सुगिमोरींना न्यायला आलो आहे. तो बिचारा बघतच राहिला. सही घ्यावी लागली त्याला."

नात्सुएने ते चित्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. तिच्या वडिलांनी आयुष्यात कोणाची गंमत केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मग?"

"मग काय? त्यानंतर मी कधी काही उचललं नाही. दर गुरुवारी आम्ही धक्क्यावरच्या बाकावर शोगीचा पट मांडून खेळायचो. फार वाईट खेळतो तो. हरला की समुद्राकडे बघत बसतो."

"घरी कधी आला नाहीत?"

"घर कुठे, हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारलं की त्याला बोलवावं लागलं असतं. मी म्हणजे त्याने पकडलेला माणूस. घरच्यांसमोर कशाला ते?"

रस्ता चढणीला लागला होता. सुगिमोरी दम घ्यायला एका भिंतीशी थांबले. नात्सुएही थांबली. याहून बरी जागा पुढे येणार नव्हती.

"सुगिमोरीकाका," ती म्हणाली, "बाबा गेले. जूनमध्ये. त्रास झाला नाही त्यांना. तुमच्याबद्दल कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कळवायचं राहिलं. माफ करा."

म्हाताऱ्याने भिंतीवरचं शेवाळं बोटाने खरवडलं, मग बोटाकडे पाहिलं.

"वाटलंच होतं," तो म्हणाला. "गुडघ्यासाठी कोणी एवढे गुरुवार चुकवत नाही."

"मग आज हे सगळं..."

"चौकीत विचारलं होतं मी. पत्ता सांगता येत नाही म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. माझ्यासारख्याला कोण सांगणार? पण धरलेल्या माणसाला मात्र विचारतात, न्यायला कोणाला बोलवू? आणि मग शोधतात. त्यांना शोधावंच लागतं." त्याने नाक ओढलं. "मागच्या आठवड्यात बिस्किटं उचलली. कोणाचं लक्षच नाही! दारापर्यंत जाऊन आलो. शेवटी परत नेऊन ठेवली. म्हणून या वेळी मासा. तो तरी दिसेल म्हटलं."

नात्सुएला हसू आलं. तिने पिशव्यांचा गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला.

"घर जवळच आहे," ती म्हणाली. "फोटोपुढे उदबत्ती लावून जा. मी चहा करते."

"या कपड्यांत? माशाचा वास घेऊन?" सुगिमोरींनी ठाम मान हलवली. "घर मात्र दाखव. बाहेरून बघतो. पुढच्या गुरुवारी अंघोळ करून येईन, चालेल का?"

घर पुढच्या गुरुवारपर्यंत तिच्या ताब्यात राहणार नव्हतं. या आठवड्याच्या शेवटी किल्ल्या द्यायच्या होत्या.

"चालेल," नात्सुए म्हणाली. वाचनालयात आणि घरमालकाला काय सांगायचं, ते ती रात्री बघणार होती.

घर चढणीच्या वरच्या टोकाला होतं. साधं, पत्र्याच्या छपराचं, दाराशी बांधून ठेवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. नात्सुए दाराशी गेली, सुगिमोरी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबले. त्यांनी कोटाची बटणं लावली. एक बटण नव्हतंच, तिथे हाताने कोट धरला. मग टाचा जुळवल्या आणि घराकडे तोंड करून कमरेत वाकले.

ते वाकलेलेच राहिले. नात्सुएला वाटलं आता सरळ होतील, पण ते होईनात. पांढऱ्या केसांखाली त्यांची मान लाल झाली होती.

चढावरून कुत्रा घेऊन एक बाई येत होती. या गल्लीत नवीन राहायला आलेली असावी. नात्सुए तिला ओळखत नव्हती. रस्त्यात वाकलेला म्हातारा पाहून तिची पावलं मंदावली. तिने त्याच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, दाराशी काळ्या कपड्यांत उभ्या असलेल्या नात्सुएकडे पाहिलं. मग तिने कुत्र्याची दोरी आखूड धरली, म्हाताऱ्यापासून चार पावलं अलीकडे थांबली, आणि घराकडे तोंड करून तीही वाकली.

कुत्रा तेवढा आळीपाळीने दोघांकडे पाहत उभा होता.