पाच मिनिटांचं भांडण

विडी सोडून चाळीस दिवस झाले, तेव्हा कोलकात्याच्या अख्ख्या बागबाजारात दत्तोबांशी बोलणारं एकच माणूस उरलं होतं. ते माणूस म्हणजे त्यांची बायको सुनीती, आणि तीही नाइलाजाने बोलत होती.

दत्तोबा मुळात भांडखोर नव्हते. विशीत गुहागरकडून बोटीवरचा खलाशी म्हणून निघाले, ते कोलकात्यात उतरले आणि राहिले. खिदिरपूरच्या गोदीत अडतीस वर्षं क्रेन चालवली. वर केबिनमध्ये एकटा माणूस. खालून कुणी 'आरिया' ओरडलं की ओझं खाली सोडायचं, एवढंच काय ते बोलणं. सोबत विडीची. सुनीती इथेच जन्मलेली, शाळामास्तरीण. तिने चाळिशीतल्या नवऱ्याला हात धरून अक्षरं शिकवली, आणि त्याने आपलं आपण वाचलेला पहिला शब्द विडीच्या बंडलावरचा निघाला. ती तेव्हापासून त्या विडीवर डूख धरून होती.

पण विडी सुटली ती तिच्यामुळे नाही, गणपतीमुळे.

उत्तर कोलकात्यातली सोळा मराठी घरं मिळून एका वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये पाच दिवसांचा गणपती बसवतात. शेवटच्या आरतीत एक जागा आहे. तिथे देवाला हाक मारायची आणि ती हाक छातीत जेवढी हवा असेल तेवढी लांबवायची. बाकीचे चार-पाच सेकंदांत गळतात, मग हसत हसत उरलेल्याकडे बघत राहतात. कोलकात्यात हा उरलेला माणूस तीस वर्षं एकच होता. सुनीती मनगटावरच्या घड्याळात बघायची. बावीस सेकंद, हा दत्तोबांचा उच्चांक. आरतीचं पुस्तक त्यांनी पहिली दहा वर्षं उलटं धरलं होतं, पण त्या हाकेपुढे पुस्तकाकडे बघतो कोण?

गेल्या वर्षी आठव्या सेकंदाला खोकला आला. साधासुधा नाही. दत्तोबा खाली बसले, कुणी पाठ चोळली, कुणी तीर्थ पाजलं, ते ठसक्यात नाकावाटे बाहेर आलं. आरती तशीच अर्धी राहिली. मंडळाचा नवा सचिव शौनक, नाशिकहून बदलून आलेला बँकेतला अधिकारी, त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "काका, पुढच्या वर्षी आपण स्पीकरवर रेकॉर्डेड आरती लावू. तुम्हाला त्रास नको."

त्रास नको! दत्तोबांना वाटलं, यापेक्षा याने आपल्याला गणपतीबरोबर गंगेत सोडलं असतं तर बरं. वर्षभर ते 'उद्यापासून' म्हणत राहिले. शेवटी गणपतीला सहा आठवडे उरले तेव्हा डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "तलफ फार टिकत नाही. पाच मिनिटांत उतरते. तेवढा वेळ मन दुसरीकडे वळवायचं."

"पाच मिनिटांत मी दोन विड्या ओढतो," दत्तोबा म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय. गाणं ऐका, पाणी प्या, काही मोजा."

सुनीतीने सगळं मनावर घेतलं. पहिल्या दिवशी बडीशेप दिली. दत्तोबांनी वाटीभर खाल्ली आणि मग, बडीशेप झाल्यावर विडी ओढायची असते या सवयीने, हात खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तिने ट्राम मोजायला खिडकीत बसवलं. तासभर झाला तरी एक आली नाही.

"या शहरात आता विडी सोडायचीही सोय राहिली नाही," दत्तोबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जपमाळ आली. वीस मण्यांपर्यंत रामराया नीट चालला. एकविसाव्याला त्याच्या हातात धनुष्याऐवजी काडेपेटी दिसू लागली. त्यातून सुनीतीने समोर उदबत्ती लावलेली. दत्तोबांनी डोळे मिटून तिचा धूर असा काही आत ओढला, की तिने माळ काढून घेतली. "देवाला तरी सोडा!" ती म्हणाली.

चौथ्या दिवशी लसूण. प्रत्येक तलफेला एक गड्डा सोलायचा. संध्याकाळपर्यंत घरातला लसूण संपला, शेजारणीचा संपला, आणि दत्तोबांच्या बोटांना असा वास सुटला, की मांजरसुद्धा दार सोडून गेलं. तलफ मात्र जागच्या जागी.

पाचव्या दिवशी औषध सापडलं, तेही मासळीबाजारात.

सकाळची वेळ, चहा झालेला, म्हणजे तलफ अगदी गळ्याशी. समोर कोळ्याने इलिश मासा मांडलेला. "आजचाच आहे दत्तबाबू, पहाटेचा," तो म्हणाला. बंगाल्यांना दत्त हे आडनाव वाटतं, म्हणून पाड्यात, म्हणजे वस्तीत, ते दत्तबाबू.

दत्तोबांनी माशाचा कल्ला उघडून पाहिला. "पहाटेचा खरा. कुठल्या सालातल्या पहाटेचा?"

"काय म्हणालात?"

"म्हटलं, याच्या बाराव्याला मला बोलावलं नाहीस."

कोळी उठून उभा राहिला. त्याने दत्तोबांच्या सात पिढ्यांना मासे ओळखता येत नसल्याचं जाहीर केलं. दत्तोबा समुद्रकाठचे, त्यांनी उलट उत्तरात त्याच्या तराजूपासून त्याच्या मिशीपर्यंत काही सोडलं नाही. माणसं जमली. शेवटी कुणीतरी दोघांना बाजूला केलं, आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर दत्तोबांच्या ध्यानात आलं: विडीची आठवणच राहिली नव्हती. घड्याळात पाहिलं. साडेपाच मिनिटं.

त्यानंतर काय विचारता. तलफ आली की दत्तोबा चप्पल घालून बाहेर पडत आणि पहिला दिसेल त्याची कुरापत काढत. दूधवाल्याला पाण्यावरून, इस्त्रीवाल्याला जळक्या कॉलरवरून, घरमालकाला त्याच्या होमिओपॅथीवरून. दिवसाला आठ तलफा, म्हणजे आठ भांडणं. कुणाचा राग मनात ठेवून नाही, निव्वळ औषध म्हणून. पण समोरच्याला थोडंच ठाऊक होतं, की आपण गोळी आहोत?

शेजारचे अनिलदा हे त्यांचे चाळीस वर्षांचे मित्र. रोज संध्याकाळी ओट्यावर दोघांचा अड्डा. एके दिवशी अनिलदांनी सिगारेट शिलगावली आणि धूर सरळ दत्तोबांच्या नाकात आला. दत्तोबांनी तोंड उघडायच्या आतच अनिलदा आपलं लाडकं वाक्य बोलले, "तुम्हा बोर्गींना, मराठा लुटारूंना, बाहेर ठेवायला आमच्या वाडवडिलांच्या वेळी इथूनच खंदक खणायला घेतला होता. आणि शेवटी तू माझ्याच भिंतीला भिंत लावून राहतोस."

एरवी दत्तोबा यावर हसत. आज म्हणाले, "पुरता कुठे खणलात? अर्ध्यावर सोडलात. तुमच्या घराण्यात कुठलं काम पुरं झालंय? तू पोहायला शिकत होतास, सोडलंस. तबला शिकत होतास, सोडलास. लग्न करणार होतास त्या शोभाशी..."

अनिलदांची सिगारेट बोटातच विझली. ते उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. शोभाचं नाव चाळीस वर्षांत त्या ओट्यावर कुणी घेतलं नव्हतं.

तलफ गेली होती. दत्तोबा मात्र त्या बंद दाराकडे पाच मिनिटांहून जास्त वेळ बघत राहिले.

"विडी परवडली," त्या रात्री जेवताना सुनीती म्हणाली. "विडीने तुमची एकट्याची छाती जळत होती."

"पण दम वाढला की नाही? काल जिना एका दमात चढलो."

"चढलात. आणि वर येऊन वरच्या वहिनींना ढेकूळ म्हणालात."

गणपतीआधी मंडळाची बैठक झाली. दत्तोबा खास तेवढ्यासाठी गेले. म्हणायचं होतं: स्पीकर नको, मी हाक मारतो, छाती साफ झाली आहे. खिशात वाक्य लिहून नेलेला कागद होता. पण शौनक आधी नैवेद्याचं बोलू लागला. यंदा मोदक इथल्या मिठाईवाल्याकडून करून घेतले आहेत, छेन्याचे, म्हणजे बंगाली संदेश मिठाई करतात त्या पनीरचे, साच्यातले. नमुना म्हणून ताटलीही फिरवली. आणि बोलता बोलता तो दत्तोबांच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता आणि वेलदोड्याखाली सिगारेटचा. बाहेर जाऊन ओढून आला होता पठ्ठ्या.

तलफेने दत्तोबांना मानेला धरून उभं केलं.

"हा मोदक?" ते म्हणाले. "हा टोपी घातलेला संदेश आहे. बाप्पाला फसवतोस? अरे, उंदीरसुद्धा हुंगून परत जाईल!"

कुणीतरी हसलं, ते सगळ्यात वाईट झालं. शौनकचे कान लाल झाले. तो दोन आठवडे त्या मिठाईवाल्याकडे खेटे घालत होता. त्याने वही मिटली.

"ठीक आहे, काका. स्पीकरचं नक्की करतो. तुम्ही आराम करा."

कागद खिशातच राहिला.

चतुर्थीच्या संध्याकाळी निघताना सुनीतीने जिन्यातच थांबवलं. "आज तोंड फक्त खायला उघडायचं. कुणाशी भांडलात तर मी तिथून सरळ बहिणीकडे डमडमला जाईन आणि गौरी-गणपती आटोपूनच येईन."

"आणि तलफ आली तर?"

"तर टाळ्या वाजवा. हात तरी कामात राहतील."

हॉल भरला होता. दत्तोबा मागच्या भिंतीशी उभे राहिले. कुणी या म्हटलं नाही. दारात अनिलदा दिसले. ते दरवर्षी येत, प्रसादाला. त्यांनी मान फिरवली. शौनकने मूर्तीच्या बाजूला ठेवलेल्या काळ्या पेट्यांचं बटण दाबलं आणि आरती सुरू झाली. गाणारा कुणी पट्टीचा होता, मागे पंचवीस वाद्यं. माणसं टाळ्या वाजवत होती, पण तोंडं हळूहळू मिटत गेली. एवढ्या मोठ्या आवाजापुढे गायचं कोण? दुसऱ्या आरतीपर्यंत हॉलमध्ये नुसते हात हलत होते.

कापूर पेटला. आणि तलफ आली. चाळीस दिवसांत आली नव्हती अशी. घशातून पोटात, पोटातून पायात. दत्तोबांनी टाळ्या वाजवल्या. तळहात चुरचुरले. त्यांनी बाजूला पाहिलं. डावीकडे एक गृहस्थ बेताल टाळी देत होते, छान भांडण झालं असतं. सुनीतीने पुढच्या रांगेतून वळून पाहिलं, नुसतं पाहिलं. दत्तोबांनी ओठ आवळले.

शेवटची आरती आली. ती जागा आली. तीस वर्षांच्या सवयीने सगळ्या हॉलचे हात हवेत थांबले, माना जरा वर झाल्या. स्पीकरमधल्या गाणाऱ्याने हाक मारली, दोन सेकंदांची, सुबक. आणि पुढे निघून गेला. त्याला काय माहीत इथे थांबतात म्हणून? सोळा घरांचे हात तसेच वर, खाली यावं की न यावं अशा अवस्थेत. देवाला हाक गेलीच नाही.

दत्तोबांनी काही ठरवलं नाही. आवळलेल्या तोंडात इतकं काही साठलं होतं, शिव्या, विडी, तो खिशातला कागद, की ओठ सुटले आणि जे बाहेर पडलं ती हाक होती.

आधी ती स्पीकरवर आदळली. वाद्यं एकीकडे, म्हातारा एकीकडे, असा काही सेकंद गोंधळ उडाला. मग कुणीतरी पेटीची वायर ओढली. कुणी, ते पुढे कुणी कबूल केलं नाही, पण दाराजवळच्या प्लगशी त्या वेळी एकटे अनिलदा उभे होते. बाकीचेही हाकेत शिरले, पाच सेकंदांनी गळले, सातला आणखी गळले. आठवा सेकंद. सुनीतीचे डोळे घड्याळावर, ओठ हलत होते. दत्तोबांना छातीत तो जुना खरखरीत खडा वर येताना जाणवला. त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. गणपतीच्या हातातल्या त्या छेन्याच्या मोदकाकडे बघत राहिले. टोपी छान बसली होती, खोटं कशाला बोला. खडा तिथेच बसून राहिला, वर आला नाही.

हाक संपली तेव्हा सुनीतीने घड्याळावरून मान वर केली. मग सगळ्यांनी एकदमच पुढचं कडवं उचललं, स्पीकरशिवाय, बेसूर आणि मोठ्याने.

"सतरा," आरती झाल्यावर सुनीती म्हणाली.

दत्तोबा नुसते हसले. वाद घालायला हवा उरली नव्हती, आणि तलफही.

ते बाहेर पायरीवर आले. शौनक तिथे उभा होता, पाठमोरा. बोटांत सिगारेट, रागाने काडीमागून काडी ओढत होता, आणि एकही पेटत नव्हती.

"ठेव ती खिशात," दत्तोबा म्हणाले.

"काका, प्लीज. आत्ता नको."

"आत्ताच. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. मला शिव्या घाल. मी मधे बोलणार नाही."

शौनकने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडून जे सुटलं, ते नाशिकच्या घाटावरचं होतं. "तुम्ही एक नंबरचे आगाऊ आहात! दोन आठवडे मी पाय झिजवले त्या मोदकांसाठी, माझी बायकोसुद्धा हसते मला टोपीवाला म्हणून! एक मिनिट गप्प बसवत नाही तुम्हाला! देवापुढे धांगडधिंगा! आणि उद्या साडेसहा म्हणजे साडेसहाला या, उशीर केलात तर बघा, तो स्पीकर मी परत पाठवतोय, मग आरती काय माझा बाप म्हणणार आहे?"

तो दम घ्यायला थांबला. सिगारेट अजून न पेटलेली, बोटात चुरगळली होती.

दारात उभ्या असलेल्या सुनीतीने घड्याळ पाहिलं.

"दोनच मिनिटं झालीत," ती म्हणाली. "चालू द्या."