सुमनची आखाजी

उज्ज्वलाताईंना वाचकाची नाडी बरोबर सापडायची. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या त्यांच्या मराठी वाचनालयात कोणी आलं, की आधी चेहरा वाचायचा, मग पुस्तक काढायचं, ही त्यांची रीत. नोकरी शोधणाऱ्याला जाहिरातींची कात्रणं, नव्या सुनेला गुजराती शिकवणारं पुस्तक, मोतीबिंदूवाल्या आजोबांना मोठ्या टाइपातल्या गोष्टी. ज्याला जे हवं तेच द्यायचं, आणि पचेल तेवढंच. या ‘पचेल तेवढं’चा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

लूमवर काम करणारा बन्सीलाल दवाखान्यातली गुजराती पुस्तिका घेऊन आला. बायकोला, सुमनला, कॅन्सर झालेला; आणि याला गुजराती बोलता येई, वाचता येत नसे.

“ताई, आपली भाषामा सांगा. तिले यंदा आखाजीले माहेर जानं शे. तिले लई जाऊ, का पहिले दवा पुरी करू?”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. सुमन तेवढंच मागत होती.

ताई वाचत गेल्या. आजार या टप्प्याला पोचला की बरा होत नाही, आता रोग्याच्या इच्छा पुरवा, असं शेवटच्या पानावर सरळ लिहिलं होतं. सुमनच्या रिपोर्टवर तोच टप्पा होता. ताईंनी मान वर केली. बन्सीलाल त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत होता. हे त्याला पचायचं नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं आणि पुस्तिका मिटली.

“उपचार चुकवू नका, भाऊ. पुढच्या आखाजीला न्या.”

आखाजी झाली, आणि पाठोपाठ सुमन गेली. सुरतेतच, दवाखान्याच्या खाटेवर.

दिवसकार्य उरकून बन्सीलाल वाचनालयात आला, तो आभार मानायला. “परकी जागामा तुम्हीच आपलं मानूस,” म्हणत त्यानं हात जोडले. ते जोडलेले हात ताईंना बघवेनात. त्यांना रडू फुटलं.

“भाऊ, त्या पुस्तिकेत लिहिलं होतं, आता ती बरी होणार नाही, तिच्या इच्छा पुरवा. मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही.”

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. रागावला असता तर ताईंना सोसलं असतं.

“मंग ती खरं सांगे,” तो हळूच म्हणाला. “म्हने, पुढली आखाजी मना नशीबमा नही. आनि मी तिनावर खेकसनू, ताई. म्हनं, तुले जास्ती समजस का ताईले?”