सासूबाईंना घेऊन योंगसानला

मेंग दोकसूच्या घरात एकच कोपरा रिकामा होता आणि त्यावर दोघांचा दावा होता. एक स्वतः दोकसू. त्याला तिथे गेम खेळायचा कॉम्प्युटर मांडायचा होता. दुसरा, किमचीचा, म्हणजे कोबी-मुळ्याच्या खारवलेल्या लोणच्याचा, फ्रिज. फ्रिज अजून घरात आलेला नव्हता, पण त्याच्या वतीनं सासूबाई बोलत होत्या. फ्रिजला तोंड असतं तरी तो इतकं बोलला नसता.

"गेल्या वर्षीची माझी किमची फेब्रुवारीतच आंबली," त्या प्रत्येक फोनवर सांगत. "साध्या फ्रिजात ठेवलीत. दुधाशेजारी."

दोकसूची बायको ह्येरान मध्ये अडकली होती. नवऱ्याचा पगार तिच्या खात्यात येई, त्यातून त्याला खर्चाला ती मोजून देई, आणि त्यातले निम्मे तो इमारतीखालच्या गेमच्या दुकानात तासाच्या भाड्यात घालवून, नूडल्सचा आणि दुसऱ्यांच्या सिगरेटचा वास अंगावर घेऊन परत येई. कॉम्प्युटर घरात आला तर हा माणूसही घरात राहील, हे तिला कळत होतं. आईची किमची आंबली तर आईही आंबेल, हेही कळत होतं.

शेवटी तिनं निकाल दिला. "वर्षअखेरचा बोनस नऊ लाख वॉन आहे, हारिमचे बाबा. नऊ लाखांत बसला तर कॉम्प्युटर. वर एक वॉन गेला की फ्रिज."

"कबूल," दोकसू म्हणाला. "पण हिशेबावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. आईंना घेऊन जातो."

ह्येराननं त्याचं कपाळ हात लावून पाहिलं. "माझ्या आईला? योंगसानच्या कॉम्प्युटर-बाजारात? तिला फ्रिज हवाय हे माहितीये ना?"

"म्हणूनच. नंतर बोलायला जागा नको."

खरं कारण वेगळं होतं. दोकसूनं सुट्या भागांची जुळवाजुळव करून पाहिली होती. कितीही काटकसर केली तरी बेरीज दहा लाखांच्या खाली येत नव्हती. घासाघीस त्याच्या हातची नव्हती. मागे योंगसानला कॅमेरा घ्यायला गेला होता, तेव्हा कॅमेऱ्याइतक्याच किमतीची पिशवीही घेऊन आला होता. पण अकरा वर्षं जावई राहून त्यानं एक गोष्ट टिपून ठेवली होती. सासूबाई, म्हणजे बोंग्येबाई, तीस वर्षं गांगजिनच्या बाजारात किमचीत घालायची खारवलेली कोळंबी विकत आल्या होत्या आणि कुठलाही भाव धड उभा दिसला की तो पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सख्ख्या मेव्हण्याच्या अंत्यविधीला त्यांनी पुष्पचक्राचा भाव दारातच पाडला होता, आणि मग आत जाऊन रडल्या होत्या.

किमची घालायच्या आठवड्यात त्या सोलला आल्या. योंगसानच्या बसमध्येच त्यांनी जाहीर केलं, "मी एक अक्षर बोलणार नाही, मेंग जावई. तुमचं तुम्ही बघा. मी बसून राहणार." त्यांचा चेहरा प्रसन्न होता. जावई जितका फसेल तितका फ्रिज जवळ, हा हिशेब त्यांनीही केला होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दुकानात खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि त्यांच्या मधल्या खाचेत दुकानदार बसला होता, अंगात रजईसारखं जाकीट. सासूबाईंना त्यानं स्टूल दिलं, कागदी कपात कॉफी दिली, आणि दोकसूकडे वळून योंगसानचा तो प्रश्न विचारला.

"बोला शेठ. कितीपर्यंत चौकशी करून आलात?"

याचं सरळ उत्तर कुणी देत नाही. आकडा सांगावा तर दुकानदार त्याच आकड्यावर बैठक मारतो, आणि चौकशी केलीच नाही म्हणावं तर आकडा तोच ठरवतो. लोक हसतात, घसा खाकरतात, शेजारच्या दुकानाकडे बघतात.

"काहीच चौकशी नाही केली हो," दोकसू म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा."

मागे कागदी कप चुरगळल्यासारखा आवाज झाला.

दुकानदारानं कॅल्क्युलेटरवर प्रोसेसरचा भाव टाकला आणि तोंडानं न बोलता यंत्र दोकसूकडे फिरवलं. तिथली रीतच तशी, शेजाऱ्याला ऐकू जायला नको. दोकसूनं पाहिलं. "ठीक."

मदरबोर्ड. "ठीक."

मेमरी. "बरं."

सासूबाईंचा एक गुडघा हलायला लागला होता. कॉफी संपली होती, तरी त्या रिकाम्या कपातून पीत होत्या.

मग ग्राफिक्स कार्ड आलं, सगळ्यात मोठं खोकं. कॅल्क्युलेटर फिरला. तीन लाख ऐंशी हजार. भाव भलताच चढा होता, पण दोकसूनं चेहऱ्यावर समाधान आणलं आणि म्हणाला, "स्वस्तच आहे की."

स्टूल मागे सरकलं.

"काय आहे त्या खोक्यात?" सासूबाई दोघांच्या मध्ये उभ्या होत्या.

"ग्राफिक्स कार्ड, माई. पडद्यावर चित्र दिसतं ना, ते हे काढतं."

"चित्र काढायचे तीन लाख ऐंशी हजार? आमच्या ह्यांनी अख्खं घर रंगवून घेतलं होतं याच्या निम्म्यात."

"माई, हे सेकंदाला साठ चित्रं काढतं."

"घाई कुणाला आहे? सावकाश काढणारं दाखवा."

दुकानदारानं दोकसूकडे आशेनं पाहिलं. दोकसू छताकडे बघत होता.

सासूबाईंनी खोकं उचलून फिरवलं. "कोपरा चेपलाय."

"नुसतं खोकं, माई. आतल्या मालाला काही झालेलं नाही."

"कोळंबीचा डबा चेपला की मीही हेच सांगते." त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि जावयाची बाही धरली. "चला, मेंग जावई. समोरच्याकडे हेच ठेवलंय, सरळ कोपऱ्यांचं."

दोकसू ओढला गेला. दुकानदार हाक मारेल की नाही याची त्याला मनापासून धाकधूक होती, सासूबाईंना नव्हती. त्या उलट चाल मंद करत होत्या, त्या माणसाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. खांबापाशी हाक आलीच. "माई, थांबा, थांबा. रागावता काय अशा."

पुढचा अर्धा तास दोकसूला बोलायचं कामच पडलं नाही. ग्राफिक्स कार्डाचा भाव पाडून झाल्यावर त्या मागे वळल्या आणि ज्यांना "ठीक" म्हणून झालं होतं ते सगळे भाव पुन्हा उकरून काढले. कुठला भाग काय करतो हे त्यांनी विचारलंही नाही. "हे एवढंसं?" एवढंच त्या प्रोसेसरला म्हणाल्या, आणि ते अशा सुरात म्हणाल्या की दुकानदारानं आपणहून पंधरा हजार उतरवले. मेमरीच्या दोन पट्ट्यांवर त्यांनी वरकड काहीतरी मागितलं, मूठभर कोळंबी वर घालतात तसं, आणि एक माऊस पदरात पाडून घेतला.

"आता पुरे करा माई," दुकानदार कपाळ पुसत म्हणाला. "पॉवर सप्लाय मी तुम्हाला फुकट देतो. माझ्याकडून भेट."

सासूबाई खूश होऊन मान हलवणार तेवढ्यात दोकसू बोलला.

"नको, नको. तो थापाड्या आहे. खोक्यावर पाचशे वॅट लिहितात आणि तीनशेला धापा टाकतो. एक दिवस धूर काढून बाकी सगळं घेऊन जाईल. तो मागचा काढा, काळ्या खोक्यातला. त्याला पैसे पडू देत, पण तोच."

सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या, वजनकाट्याखाली कुणी बोट लावलंय का ते बघावं तसं.

"तुम्हाला त्यातलं काही कळत नाही ना, मेंग जावई?"

दोकसू काळ्या खोक्यावरची अक्षरं वाचू लागला.

"आं," सासूबाई म्हणाल्या. बस्स. मग दुकानदाराकडे वळल्या. "आता काय राहिलं?"

राहिलं होतं ते सगळं भरायचं खोकं, कॅबिनेट. दोकसूनं ते महिनाभर मनात धरून ठेवलं होतं: गुडघ्याएवढं उंच, एका बाजूला काच, आत निळ्याजांभळ्या प्रकाशाचे पंखे. ते खाली काढल्यावर सासूबाईंनी त्यावर वीत टाकली. एक, दोन, आणि वर चार बोटं. मग खालच्या फळीवरच्या एका करड्या, काडेपेटीसारख्या डब्यावर टाकली. एक वीत, जरा कमीच.

"सगळं यात मावतं?"

"मावतं माई, पण जेमतेम."

"जेमतेमच हवं."

"आई, तो डबा बघा ना कसा दिसतो," दोकसू कळवळून म्हणाला. "यात हवासुद्धा खेळणार नाही."

"बरं. मग काचेचा घ्या." सासूबाई चक्क राजी झाल्या. "एकूण किती होतात, बघू."

कॅल्क्युलेटर फिरला. काचेच्या कॅबिनेटसकट नऊ लाख एकवीस हजार. करड्या डब्यासकट आठ लाख अठ्ठावन्न.

दोकसूनं सासूबाईंकडे पाहिलं. एकवीस हजार म्हणजे त्यांच्या जिभेच्या टोकावरचं काम. सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं, पदराशी चाळा करावा तशी मफलरची टोकं सारखी केली आणि बसल्या.

"बोला की आई."

"मी एक अक्षर बोलणार नव्हते. बसमध्ये सांगितलं होतं."

मग दोकसूनं स्वतः प्रयत्न केला. खोकं उचललं, कोपरा शोधला. कोपरे सगळे सरळ होते. समोरच्या दुकानाकडे चालत गेला आणि हाक आली नाही म्हणून तिथेच बुटाची नाडी बांधत बसला.

"शेठ, या परत," दुकानदार शेवटी दमून म्हणाला. "माझ्याकडे आता सोडायला काही उरलेलंच नाही. माईंनी आतडी काढून घेतली माझी."

करडा डबा घेतला.

बसमध्ये ग्राफिक्स कार्डाचं खोकं सासूबाईंनी मांडीवर घेतलं होतं आणि जवळ उभ्या माणसाच्या छत्रीपासून ते हातानं वाचवत होत्या.

"तुम्हाला कधी कळलं, आई?" दोकसूनं हळूच विचारलं.

"तुम्ही 'ठीक' म्हणालात तेव्हा संशय आला. धुराचं बोललात तेव्हा खात्री पटली."

"संशय आला होता, तर गप्प बसून राहायचंत की. फ्रिज तुमचाच होता."

हा माणूस आपली मुलगी कशी काय घेऊन गेला, अशा नजरेनं सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "भाव पडत होता," त्या म्हणाल्या. "पडता भाव सोडून बसायचं कसं?"

घरी आल्यावर त्यांनी कोट काढायच्या आधी कोपऱ्यात वीत टाकली. करड्या डब्याला आणि छोट्या टेबलाला जागा सोडून जे उरलं, ते वरून झाकण उघडणाऱ्या लहान किमची-फ्रिजाला बरोबर पुरत होतं. ह्येराननं बोनसमधले उरलेले बेचाळीस हजार आईच्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी सासूबाई एकट्याच जुन्या सामानाच्या बाजारात गेल्या आणि फ्रिज घेऊन आल्या. त्यात स्वतःचे किती घातले हे त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून दोकसूला त्या फ्रिजवाल्याची दया आली.

रविवारी किमची घातली गेली. कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला, धूर निघाला नाही, गेम लोण्यासारखा चालला. दोकसू खालच्या दुकानात जायचा बंद झाला. फक्त त्याची खुर्ची फ्रिजला इतकी चिकटून होती की झाकण उघडायचं तर त्यानं उठायलाच हवं.

"हारिमचे बाबा, सरका जरा. मुळ्याची काढायचीय."

"दोन मिनिटं, लढाई चाललीये."

"भात वाढलाय."

तो उठे, झाकण वर जाई, थंड आंबूस वास खोलीभर पसरे, आणि पडद्यावर दोकसू मरून पडलेला असे. टीममधले पाच जण, कुणी बुसानचा, कुणी तेगूचा, कानात ओरडत, कुठे गेला होतास म्हणून.

"झाकण उघडलं होतं," तो सांगे.

किमचीचा फ्रिज प्रत्येकाच्या घरी होता, त्यांना ते पटे. एकदा फक्त तेगूच्यानं विचारलं, यंदा तुमच्याकडे कोळंबी जास्त घातली का.

"जास्त," दोकसू म्हणाला, आणि खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली.