अठ्ठावीस ठिपके

स्पेसबारवरचा गुळगुळीत डाग... उजव्या अंगठ्याचा. बाकीची पट्टी अजून खरखरीत होती, तेवढीच जागा झिजून चकचकीत झालेली. रविंद्र तिच्याकडे बघत होता आणि कान शेजारच्या गाळ्याकडे होते. पत्र्याच्या भिंतीपलीकडे भागुजी तात्या हसत होते. चौदा वर्षं हा माणूस दूध संस्थेचा अहवाल टाइप करून घ्यायला याच स्टुलावर बसला, चहाही इथलाच प्यायला, आणि आज हर्षालीकडे बसून हसतोय—हसण्यासारखं असं काय असतं अहवालात?

घोडेगावात तहसीलपुढं तिनं टायपिंगचं दुकान टाकून आठ महिने झाले होते. पोरगी वाईट नव्हती, हीच तर अडचण होती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

जुन्नरला टायपिंग शिकताना सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं—ओळीत ऐंशी घरं, एका अक्षराला एक. मथळा चोवीस घरांचा, उरली छप्पन्न, निम्मी अठ्ठावीस. तेवढी सोडा, मग पहिलं अक्षर. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तरी अंगठा मोजतच राहिला. मोजून झालं की एखादी जागा डोळ्यानं कमी-जास्त करायची... आणि मथळा कसा मधोमध बसायचा! तात्या कागद लांब धरून म्हणायचे, “राव, तुमच्यासारखं कुनाला जमायचं न्हाई.” ते वाक्य मी वर्षभर पुरवून खात होतो. हो, मीच, रविंद्र. दुसऱ्या कोणाला कशाला नावं ठेवू?

“काका, येऊ का?”

हर्षाली लॅपटॉप हातावर उघडा धरूनच आली होती.

“तात्यांनी मागच्या वर्षीची तुमची फाइल आनली. माझ्याकडं तुमचा फॉन्ट न्हाई, बदलला तर ओळी लई हलल्या. म्हनून लपलेल्या खुणा चालू करून बघितल्या.”

त्यानं पाहिलं. मथळा एका अंगाला कलला होता आणि त्याच्या अलीकडे ठिपकेच ठिपके होते. एका जागेला एक ठिपका. अठ्ठावीस. खाली संचालकांची नावं, तिथंही ठिपके, पानभर. अंगातला सदरा कुणी भर बाजारात काढून घ्यावा तसं त्याला झालं.

“एवढं सगळं मोजून दिलंत तुमी?”

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यानं शोधली, सापडली नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

“काढू का? तात्या म्हनले, आधी काकांना इचार.”

“काढ की.”

ठिपके गेले. मथळा क्षणभर डाव्या कडेला जाऊन टेकला आणि लगेच मधोमध उभा राहिला. कसलीही मोजणी नाही, काही नाही.

“दाखवू का काका? सोपंय.”

“येतं मला,” तो म्हणाला.

ती गेली. जाताना छापलेलं एक पान टेबलावर ठेवून गेली, बघून सांगा म्हणून. त्यानं कपाटातून गेल्या वर्षीचा अहवाल काढला, पहिलं पान तिच्या पानावर ठेवलं आणि दोन्ही दारातल्या उन्हात धरली. फरक असावा... सुतभर तरी. तिचा मथळा जरासा उजवीकडे, थोडासा तरी चुकलेला. मग तात्यांना हाक मारता आली असती.

अक्षरं वेगळी, पण मथळ्याच्या मध्यावर मध्य बसला होता. नेमका.

आपण चुकलो नव्हतो, एकदाही नाही, हे त्याला कळलं. पण आनंद झाला नाही. चौदा वर्षं जिथं मोजत मोजत पोचलो तिथंच ही पोचली होती, आणि दमली नव्हती. अहवाल जाऊ दे. तात्यांनाही घे बाई. पण तो तुझा अंगठा—ठिपके जात असताना लॅपटॉपच्या कडेला नुसता टेकलेला, निवांत, कशाचाही हिशेब नसलेला...

त्यानं कोरं पान उघडून मथळा टाइप केला. तो डाव्या कडेला उभा राहिला. तिनं कुठली कळ दाबली, ते त्यानं पाहिलंच नव्हतं. तो सगळा वेळ ओळीकडे आणि त्या रिकाम्या अंगठ्याकडे बघत होता. पलीकडे तात्या पुन्हा हसले. हाक मारावी का? पत्र्यावर नुसतं बोट वाजवलं असतं तरी ती आली असती, हसत आली असती. ती येईल या भीतीनं त्यानं हात टेबलाखाली घेतला, आणि तिथं मांडीवर अंगठा आपला आपण मोजू लागला... सव्वीस, सत्तावीस.