ताप ज्येष्ठात सुरू झाला

कोपरीत डॉक्टर हरिहर गुप्त्यांचा दवाखाना नवा होता, तेव्हाच ठाण्यात तो ताप आला. हाडं मोडून येत, डोळ्यांमागे ठणका लागे. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होत, तोच काहींच्या अंगावर लाल ठिपके उठत, हिरड्यांतून, नाकातून रक्त येई. लोक त्याला रक्ताचा ताप म्हणत. दिवाळीनंतर तो नाहीसा झाला आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आला.

हरिहरने मनावर घेतलं. हा ताप कुठल्या महिन्यात आणि कुठल्या वस्तीत आधी उठतो एवढं कळलं, तर पुढच्या वर्षी आधीच बंदोबस्त करता येईल. दुपारी दवाखाना बंद झाला की तो कोपरीच्या आळ्यांतून आणि खाडीकाठच्या कोळीवाड्यातून घरोघर विचारत फिरे. कोळीवाड्यात त्याच्याबरोबर मनुबाई असे. ती गुप्त्यांच्या घरी वर्षानुवर्षं मासळी घालायची. हरिहरला तिने शाळेत जाताना पाहिलेलं. ती बरोबर असली की कोणी दार लावून घेत नसे.

तिसऱ्या वर्षी, १९५५ च्या ज्येष्ठात, पाऊस यायच्या आधीच हरिहरची धाकटी बहीण हेमा तापाने पडली. नळाला जेमतेम तासभर पाणी येई, म्हणून घरोघर पिंपं आणि हौद भरून ठेवलेले असत. पाचव्या दिवशी हेमाच्या नाकातून रक्त आलं. अंगावर ठिपके होते. हरिहरला काय ते कळलं.

हेमाचं लग्न कल्याणच्या आनंद राजेशी ठरत आलं होतं. हरिहरची आई विमलाबाई म्हणाल्या, "रक्त पडलं असं तिकडे कळलं तर क्षय म्हणतील. हरी, पोरीचं कायमचं नुकसान होईल."

"कोणाला काही सांगू नका," हरिहर म्हणाला. "ऊन बाधलं म्हणा."

मनुबाई तेवढी येऊन बसायची. हेमाच्या डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवायची, खेकड्याचा कढ करून आणायची. हेमा बरी झाली. आषाढात मनुबाई स्वतः आजारी पडली, मग तिचे शेजारी. श्रावणात कोळीवाड्यात घरोघर ताप होता आणि भाद्रपदात तो कोपरीत पसरला.

कोपरीतल्या मंडळींनी देवळाच्या ओसरीवर सभा भरवली. रेल्वेतून निवृत्त झालेले विश्रामकाका अध्यक्ष होते. हरिहरने दोन वर्षांची हकिकत सांगितली, साठवलेल्या पाण्यात होणाऱ्या डासांबद्दल सांगितलं. ते कोणी फारसं ऐकलं नाही. विश्रामकाकांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, यंदा पहिला रोगी कुठे निघाला?"

विमलाबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी हरिहरकडे पाहिलं.

"कोळीवाड्यात," हरिहर म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आळीच्या तोंडाशी दोन तरुण बसू लागले. कोळणींनी आत यायचं नाही असं ठरलं. दवाखान्याच्या खिडकीतून हरिहरला मनुबाई दिसली. पाटी उतरवून ती त्या पोरांशी बोलत होती. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं. हरिहरने समोरच्या रोग्याची नाडी धरली आणि मान वर केली नाही. थोड्या वेळाने पाटी उचलून ती गेली.

आठवड्याभरात मनुबाईची सून भागीरथी तापली. तिला सहावा महिना होता. रक्त जायला लागलं तसं तिच्या नवऱ्याने, गोमाजीने, तिला हातगाडीवर घातलं आणि दवाखान्याकडे निघाला. आळीच्या तोंडाशी त्याला अडवलं. त्याने हात जोडले, मग शिव्या दिल्या आणि गाडी वळवून सरकारी इस्पितळाच्या रस्त्याला लागला. भागीरथी वाचली. मूल गेलं.

हरिहरला हे संध्याकाळी कळलं. तो घरी आला आणि न जेवता पाटावर तसाच बसून राहिला.

"दादा," हेमा म्हणाली, "पहिला ताप माझा होता. मनुबाई माझ्यापाशी बसायची, म्हणून तिला झाला असेल."

"हेमा, तू गप्प बस," विमलाबाई म्हणाल्या.

"मी गप्पच होते. दादा सभेत काय बोलला ते ऐकलं तेव्हाही गप्प होते. मला लाज वाटते."

हरिहर उठला आणि विश्रामकाकांकडे गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा झाली. तो उभा राहिला. "पहिला रोगी माझ्या घरात होता," तो म्हणाला. "ज्येष्ठात. मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. ताप आपल्या पिंपांतल्या डासांनी वाढवला, कोळीवाड्याने नाही." कोणी रागावलं नाही. एकेक जण खाली बघत उठून गेला. ते त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं.

तिथूनच हेमाला घेऊन तो कल्याणला गेला. हेमाने स्वतःच सगळं सांगितलं. आनंदचे वडील म्हणाले, "ताप होता तर ताप म्हणायचं. त्यात लपवण्यासारखं काय होतं?" त्यांनी चहा मागवला.

कोळीवाड्यात मनुबाई दारात बसून बोंबील निवडत होती. हरिहर उभाच राहिला. "मनुबाई, तुला माहीत होतं. सांगितलं का नाहीस?"

"पोरीचं लगीन होतं," ती म्हणाली. "मना वाटलं, तुमीच सांगाल."

त्याने माफी मागितली. ती मान हलवत राहिली. हो की नाही ते त्याला कळलं नाही. मासळीची पाटी घेऊन ती आता रुळांपलीकडे नौपाड्यात जाई. आळीतल्यांनी दोनदा निरोप धाडला, तरी कोपरीत आली नाही.

पुढच्या वर्षी वैशाखातच हरिहरने स्वतःच्या घरचा हौद रिकामा करून घासला, मग आळीतली पिंपं दर आठवड्याला कोरडी करायला लावली. ज्येष्ठात तो कोळीवाड्यात एकटाच विचारत फिरला. लोक दारं उघडत होते, पाणी विचारत होते. गोमाजीच्या घरापाशी त्याने हाक मारली, तेव्हा भागीरथी दारात आली.

"आमच्यात कोन आजारी नाय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

हरिहर पायरीवरून उतरला आणि पुढच्या घराकडे गेला. त्या वर्षी ताप आला, पण थोड्याच घरांत.